अडलेले पॅकेज आणि अडलेला संगणक

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे गाव दगडी कोळसा आणि चुना या दोन जिनसांसाठी विदर्भात परिचित आहे. चुन्याच्या भट्टीचा व्यवहार या परिसरातील शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. चुनखडी भट्टीत भरावी लागते, तिला सुमारे ९०० अंश सेल्सिअसची धग द्यावी लागते आणि त्या धगीसाठी कोळसा लागतो. कोळसा यावयाचा तर वाहन हवे, वाहनाला डिझेल हवे. यांपैकी एक गोष्ट वेळेवर पोचली नाही, तर भट्टी पेटत नाही. परंतु अशा वेळी भट्टी मोडली असे कोणी म्हणत नाही आणि ती पाडून नवी बांधण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. काय आले नाही याची चौकशी होते व ती वस्तू आणविली जाते.

शाळेतील अथवा कार्यालयातील संगणकाच्या बाबतीत मात्र पुष्कळदा याच्या उलट घडते. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकावर एखादे नवे सॉफ्टवेअर बसवू जाता, ‘या पॅकेजला लागणारे अमुक पॅकेज मिळत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश पडद्यावर उमटतो. संदेश लांबलचक असतो, शब्द अनोळखी असतात. साहजिकच यंत्र बिघडले असा समज होतो. मग तो संगणक कापड घालून कोपऱ्यात ठेवण्यात येतो किंवा कोणी उत्साही गृहस्थ संपूर्ण प्रणालीच नव्याने बसवून देतात. दुसऱ्या प्रकारात जुन्या प्रश्नपत्रिका, विद्यार्थ्यांच्या याद्या, ठरावांच्या प्रती यांची अगोदर नक्कल काढून ठेवली नसेल, तर त्याही पुसल्या जातात. वास्तविक त्या संदेशात बिघाडाची नव्हे, तर एका अपुऱ्या राहिलेल्या मागणीची नोंद असते. काय आले नाही, हे संगणकाने स्वतःच लिहून दिलेले असते.

हा प्रश्न आताच महत्त्वाचा ठरण्यास एक कारण घडले आहे. विंडोज १० या प्रणालीस मिळणाऱ्या नियमित मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या. विंडोज ११ साठी तुलनेने नवे यंत्र लागते आणि शाळा व ग्रामपंचायतींकडील अनेक जुनी यंत्रे त्या कसोटीस उतरत नाहीत. अशी यंत्रे भंगारात काढावयाची नसतील, तर लिनक्स हा बिनखर्चाचा मार्ग उपलब्ध आहे. या मार्गाने जाणारे आपण पहिले नव्हेत. केरळमधील शासकीय शाळांत लिनक्सवर आधारित प्रणाली अनेक वर्षे वापरात आहे. केंद्र शासनाच्या सी-डॅक या संस्थेनेही ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल अशी लिनक्स प्रणाली २००७ साली प्रसृत केली. मात्र यंत्र लिनक्सवर आणल्यानंतर पहिल्याच महिन्यात जी अडचण हमखास पुढे उभी राहते, ती हीच. ती सोडविता आली नाही, तर वाचविलेले यंत्र पुन्हा कोपऱ्यात जाते.

मराठी अक्षरामागची साखळी

लिनक्समध्ये सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ या रूपाने येते. पॅकेज म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या फायली आणि त्यांच्यासोबत जोडलेले एक टिपण. हे सॉफ्टवेअर चालण्यासाठी आणखी कोणती पॅकेजे व त्यांच्या कोणत्या आवृत्त्या हव्यात, कोणाशी त्याचे जमत नाही, हे सारे त्या टिपणात नोंदलेले असते. या परावलंबनाला ‘डिपेन्डन्सी’ अशी संज्ञा आहे.

मराठी टंकलेखनाचेच उदाहरण घेऊ. उबुंटू अथवा डेबियन या प्रणालींवर देवनागरी कळफलक हवा असेल, तर सामान्यतः ‘आयबस-एम१७एन’ हे पॅकेज बसविले जाते. ते ‘आयबस’ या मूळ पॅकेजावर अवलंबून आहे. शिवाय त्याला ‘एम१७एन’ ही लायब्ररी लागते. आणि त्या लायब्ररीला कोणत्या कळीने कोणते अक्षर उमटावे हे सांगणारा तिचा माहितीसंच लागतो. बहुभाषिक लेखनाची ही लायब्ररी जपानमधील एका राष्ट्रीय संशोधन संस्थेत तयार झाली. अक्षरे पडद्यावर नीट दिसण्यासाठी टंक हवा. लिनक्सवर सर्रास आढळणारा ‘लोहित’ हा टंक मूळ पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने घडविला आणि रेड हॅट या कंपनीने तो मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला केला. म्हणजे राजूरच्या एखाद्या शिक्षिकेने ‘क्ष’ हे जोडाक्षर टंकित केले, तर त्यामागे जपान आणि पुणे अशा दूरदूरच्या ठिकाणी झालेले काम एका साखळीने उभे असते. कळफलकाच्या साखळीतील एक कडी निखळली तर अक्षर उमटत नाही; टंक नसेल तर अक्षराच्या जागी नुसते चौकोन दिसतात.

प्रत्येक सॉफ्टवेअरने आपल्याला लागणारे सर्व सामान स्वतःबरोबरच का आणू नये, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे उत्तर २०१४ सालच्या एका प्रसंगात मिळते. इंटरनेटवरील गुप्त दळणवळणासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘ओपन-एसएसएल’ या लायब्ररीत त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष उघडकीस आला. ज्या संगणकांवर सर्व सॉफ्टवेअर एकच सामायिक लायब्ररी वापरत होते, तेथे ती एक लायब्ररी बदलून आणि तिच्यावर चालणाऱ्या सेवा पुन्हा सुरू करून काम भागले. प्रत्येकाची प्रत वेगळी असती, तर प्रत्येक प्रत शोधून बदलावी लागली असती. सामायिक व्यवस्थेत जागा वाचते हा लाभ वेगळाच.

ही व्यवस्था सांभाळणारे दोन कारभारी आहेत. ‘डीपीकेजी’ हा भांडारातील हमाल म्हणता येईल. हाती दिलेले पॅकेज तो नेमून दिलेल्या जागी ठेवतो, परंतु नसलेली वस्तू बाजारातून आणणे हे त्याचे काम नव्हे. ‘ॲप्ट’ हा भांडारपाल. तो टिपण वाचतो, लागणारी सर्व पॅकेजे इंटरनेटवरील भांडारातून मागवितो आणि मग ती हमालाच्या हवाली करतो. डेबियनच्या ऑगस्ट २०२५ मधील ‘ट्रिक्सी’ या आवृत्तीच्या भांडारात एकोणसत्तर हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. एवढ्या पसाऱ्याचा हिशेब हाताने ठेवणे मनुष्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. निम्म्याहून अधिक अडचणी भांडारपालाला वगळून थेट हमालाकडे काम सोपविल्यानेच उद्भवतात, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही.

संदेश कसा वाचावा

पुढे येणाऱ्या आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या ‘टर्मिनल’ या खिडकीत रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकित करावयाच्या असतात. ज्या आज्ञेने प्रणालीत बदल होतो, तिच्याआधी ‘सुडो’ हा शब्द लिहावा लागतो. त्यानंतर संगणक व्यवस्थापकाचा पासवर्ड विचारतो.

अडचणीचा संदेश ‘अनमेट डिपेन्डन्सीज’, म्हणजे न भागलेल्या गरजा, या शब्दांनी सुरू होतो. पुढे एकेका ओळीत मागणारे पॅकेज, नंतर ‘डिपेन्ड्स’ हा शब्द, नंतर मागितलेले पॅकेज व बहुधा त्याची किमान आवृत्ती असा क्रम असतो. सर्वांत महत्त्वाचा भाग असतो तो ओळीच्या शेवटी, ‘बट’ या शब्दानंतर. बहुतेक लोक नेमका तोच वाचीत नाहीत. आवृत्तीनुसार शब्दरचना थोडी बदलते, परंतु शेवट साधारणतः तीन प्रकारचे असतात आणि तिन्हींचा उपाय वेगवेगळा आहे.

‘नॉट इन्स्टॉलेबल’ असा शेवट असेल, तर मागितलेली वस्तू भांडारपालाच्या यादीतच नाही. त्याची यादी जुनी झाली असावी, भांडाराचा एखादा विभाग बंद असावा किंवा ती वस्तू या आवृत्तीतून काढून टाकलेली असावी. प्रथम ‘ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा देऊन यादी ताजी करावी. ही आज्ञा नवे काही बसवीत नाही, केवळ सूची आणते. म्हणून ती देण्यात धोका नाही. तेवढ्याने भागले नाही, तर उबुंटूमध्ये ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ ही खिडकी उघडून ‘युनिव्हर्स’ या विभागासमोर खूण आहे की नाही ते पाहावे. लोकसमूहाने सांभाळलेली बहुसंख्य पॅकेजे याच विभागात असतात.

‘नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड’ असा शेवट असेल, तर वस्तू यादीत आहे, परंतु ती आणली तर दुसऱ्या कशाशी तरी तिचा विरोध होतो, किंवा तिला स्वतःला लागणारी वस्तू मिळत नाही. अशा वेळी त्या मागितलेल्या पॅकेजाचेच नाव देऊन ‘ॲप्ट इन्स्टॉल’ करून पाहावे. संगणक साखळीतील पुढची कडी दाखवितो. असे दोन-तीन वेळा केल्यावर खरे कारण हाती लागते; कडीकडीने मागे जाण्याचा हा मार्ग कंटाळवाणा खरा, परंतु तो सहसा चुकत नाही. एखादे पॅकेज कोणी मुद्दाम आहे त्या आवृत्तीवर रोखून ठेवले असेल, तर ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ या आज्ञेने ते उघड होते.

तिसऱ्या प्रकारात वस्तू आहे, पण आवृत्ती जुळत नाही; मागणी एकीची असते आणि येऊ घातलेली दुसरीच असते. बहुधा बाहेरून उतरविलेले एखादे पॅकेज प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी बनविलेले असते. ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ आणि पॅकेजाचे नाव अशी आज्ञा दिली असता कोणती आवृत्ती कोणत्या भांडारातून येत आहे ते दिसते. दोष बाहेरच्या भांडारात आढळला तर ते भांडार यादीतून काढून टाकणे हाच बहुतेक वेळा योग्य उपाय ठरतो.

नेहमीचे दोन प्रसंग

पहिला प्रसंग वीज जाण्याचा. पॅकेज बसत असताना वीज गेली, तर काही पॅकेजे अर्धवट अवस्थेत राहतात. त्यानंतर काहीही बसवू जाता ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ असा संदेश येतो आणि काय करावे तेही त्याच ओळीत लिहिलेले असते. ‘डीपीकेजी’, रिकामी जागा, दोन आडव्या रेघा व त्यांना जोडून ‘कॉन्फिगर’, पुन्हा रिकामी जागा, एक आडवी रेघ व तिला जोडून ‘ए’ हे अक्षर, अशी ती आज्ञा होय. तिने अर्धवट राहिलेली पॅकेजे मार्गी लागतात. मात्र पडद्यावर ‘कुड नॉट गेट लॉक’ असे आले, तर दुसरे एखादे बसवणीचे काम पाठीमागे चालू आहे असा त्याचा अर्थ. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटे थांबावे. ते कुलूप म्हणजे एक फाईल असून ती पुसून टाकावी असा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. तो मानू नये. दोन हमाल एकाच वेळी एकाच खोलीत माल लावू लागले, तर जे व्हावयाचे तेच येथेही होते.

दुसरा प्रसंग बाहेरून आणलेल्या फायलीचा. ‘डेब’ या प्रकारची फाईल उतरवून ती थेट डीपीकेजीकडे दिली की लागणारी पॅकेजे न आल्याने ती अर्धवट अडकते. मग ‘ॲप्ट’, दोन आडव्या रेघा व त्यांना जोडून ‘फिक्स-ब्रोकन’, आणि पुढे ‘इन्स्टॉल’ अशी आज्ञा द्यावी लागते. भांडारपाल उरलेला माल आणतो. तो मिळत नसेल, तर अडकलेले पॅकेज काढून टाकण्याचे सुचवितो. फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे तेथेच टर्मिनल उघडून ‘ॲप्ट इन्स्टॉल’ या शब्दांपुढे टिंब, तिरकी रेघ आणि फायलीचे नाव लिहिले असते, तर ही वेळच आली नसती.

आज्ञा टंकित करण्याचा संकोच वाटणाऱ्यांसाठी ‘सिनॅप्टिक’ हे खिडक्यांचे साधन आहे. त्याच्या ‘एडिट’ यादीतील ‘फिक्स ब्रोकन पॅकेजेस’ हा पर्याय हेच काम करतो. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या प्रकल्पाच्या लिनक्सविषयक पाठांत सिनॅप्टिकवरही पाठ आहे, आणि या प्रकल्पाचे पाठ मराठीतही ऐकता येतात.

‘होय’ म्हणण्यापूर्वी

कोणताही बदल करण्यापूर्वी ॲप्ट काय येणार आणि काय जाणार याची यादी दाखवितो आणि संमती विचारतो. येणाऱ्या पॅकेजांची यादी एक वेळ वाचली नाही तरी चालेल. ‘रिमूव्ह’ या शब्दाखालची यादी मात्र शेवटच्या नावापर्यंत वाचलीच पाहिजे.

ती न वाचल्याचा परिणाम २०२१ साली साऱ्या जगाने पाहिला. कॅनडातील लायनस सेबॅस्टियन हे संगणकविषयक चित्रफितींचे विख्यात निर्माते ‘पॉप ओएस’ या लिनक्स प्रणालीवर खेळांचे ‘स्टीम’ हे सॉफ्टवेअर बसवीत होते. भांडारातील एका पॅकेजाच्या आवृत्तीचा मेळ त्या दिवसांत बसत नव्हता. हा मेळ घालण्यासाठी ॲप्टने प्रणालीचा संपूर्ण दर्शनी भागच काढून टाकण्याचा तोडगा पुढे केला. ‘मी सांगतो तसे कर’ अशा अर्थाचे वाक्य टंकित केल्याखेरीज हे करणार नाही, अशी ताकीदही दिली. त्यांनी ते वाक्य टंकित केले. क्षणार्धात खिडक्या, चिन्हे, सारे नाहीसे होऊन काळा पडदा उरला. चूक सर्वस्वी त्यांची होती असे म्हणता येणार नाही. भांडारातील विसंगती आणि संदेशाची बोजड मांडणी यांचाही तीत वाटा होता. पुढे ॲप्टच्या रचनाकारांनी अशी संमती केवळ एक वाक्य लिहून देता येऊ नये अशी सुधारणा केली. तरीही दर्शनी भागाची पॅकेजे जाऊ शकतातच. म्हणून ‘ॲप्ट’ नंतर एक आडवी रेघ व ‘एस’ हे अक्षर घालून आज्ञा द्यावी. मग प्रत्यक्ष काही न बदलता काय घडेल ते नुसते दाखविले जाते. नावात ‘फोर्स’ हा शब्द असलेल्या आज्ञांपासून तर दूरच राहावे. त्यांनी तक्रार तात्पुरती बंद होते, गरज मात्र तशीच राहते.

ग्रामपंचायतीच्या संगणकाबाबत याहून अधिक जपावे लागते. ई-ग्रामस्वराज या प्रणालीतून रक्कम अदा करण्यासाठी सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांची अंकीय स्वाक्षरी लागते आणि ती एका लहान टोकनमध्ये साठविलेली असते. लिनक्सवर असे टोकन ओळखण्यासाठी साधारणतः ‘पीसीएससीडी’ हे पॅकेज आणि टोकन बनविणाऱ्या कंपनीचे ड्रायव्हर अशा दोन गोष्टी लागतात. पहिली भांडारातून सहज मिळते. दुसरी बाहेरून आणावी लागते आणि ती जुन्या आवृत्तीसाठी बनविलेली असली तर ‘लिबएसएसएल १.१’ या लायब्ररीची मागणी करते. उबुंटूच्या एप्रिल २०२२ च्या आवृत्तीपासून ती लायब्ररी भांडारात नाही; तिची जागा ओपन-एसएसएलच्या तिसऱ्या पिढीने घेतली आहे. जुन्या भांडारातून ती उचलून आणून बसविता येते आणि ड्रायव्हर चालूही होते. परंतु त्या पिढीस तिच्या निर्मात्यांकडून मिळणाऱ्या सार्वजनिक सुधारणा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या आहेत. गावाचा निधी ज्या यंत्रावरून वळता होतो, त्यावर दुरुस्ती न होणारी सुरक्षा-लायब्ररी बसविणे म्हणजे तिजोरीला जुने, किल्ली हरवलेले कुलूप लावण्यासारखे होय. येथे टोकनच्या कंपनीकडून नवे ड्रायव्हर मागविणे हाच मार्ग आहे, मग त्यास आठवडा लागला तरी बेहत्तर.

‘फ्लॅटपॅक’, ‘स्नॅप’, ‘ॲप-इमेज’ या नव्या पद्धतींत सॉफ्टवेअर आपले बहुतेक सामान बरोबर घेऊन येते, त्यामुळे आवृत्ती न जुळण्याची अडचण पुष्कळ कमी होते. जागा मात्र जास्त लागते. शिवाय गंमत अशी की, स्वयंपूर्ण म्हणविणारी ॲप-इमेज उबुंटूच्या अलीकडील आवृत्त्यांवर अनेकदा ‘फ्यूज’ या लायब्ररीची जुनी आवृत्ती नाही म्हणून अडते. परावलंबन पुरते सुटत नाही ते असे.

जेथे इंटरनेट तुटक येते

भांडार इंटरनेटवर असल्यामुळे जोडणी नसलेल्या वा वारंवार तुटणाऱ्या ठिकाणी हे सारे व्यर्थ आहे, असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. ‘ॲप्ट-ऑफलाइन’ नावाचे एक साधन एका भारतीय विकासकाने तयार केले असून ते डेबियन व उबुंटूच्या भांडारांत आहे. ते मात्र अगोदरच बसवून ठेवले पाहिजे. शाळेतील संगणकावर ते काय काय हवे याची मागणीपत्रिका एका फायलीत लिहून देते. ती फाईल पेनड्राइव्हवर घेऊन वणीला अथवा जेथे चांगली जोडणी असेल तेथे जावे. तेथील संगणकावर हेच साधन पत्रिकेबरहुकूम सर्व पॅकेजे, त्यांच्या परावलंबनांसह, उतरवून घेते. परत येऊन ती शाळेच्या संगणकाला द्यावयाची. बाजाराच्या दिवशी यादी घेऊन जावे तसाच हा प्रकार आहे. हाताने एकेक फाईल उतरवू गेल्यास मात्र प्रत्येक वेळी एखादी वस्तू विसरते आणि खेप वाया जाते.

आवृत्ती निवडतानाच थोडी दूरदृष्टी ठेवली, तर पुढचा बराच त्रास वाचतो. उबुंटूच्या दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीस पाच वर्षे नियमित सुधारणा मिळतात. मधल्या आवृत्त्यांची मुदत केवळ नऊ महिने असते, आणि ती संपल्यावर त्यांची पॅकेजे मुख्य भांडारातून जुन्या आवृत्त्यांच्या वेगळ्या भांडारात हलविली जातात. मग यादीप्रमाणे मागणी गेली तरी ‘४०४’ हा आकडा परत येतो, म्हणजे त्या पत्त्यावर वस्तू नाही. अगदी जुन्या ३२-बिट यंत्रांचा प्रश्न निराळा आहे. उबुंटूने त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रणाली देणे २०१९ मध्येच थांबविले आणि डेबियननेही ट्रिक्सीपासून तसेच केले. अशा यंत्रासाठी डेबियनची त्याआधीची आवृत्ती तिच्या मुदतीपर्यंत वापरता येईल.

दुरुस्ती झाल्यावर ती पुरी झाली की नाही हे पाहण्यास दोन आज्ञा पुरेशा आहेत. ‘ॲप्ट-गेट चेक’ ही साखळीतील सर्व कड्या तपासते. दुसरी ‘डीपीकेजी’ आणि पुढे दोन आडव्या रेघांसह ‘ऑडिट’. ही अर्धवट राहिलेली पॅकेजे शोधते. केव्हा काय बसविले व काय काढले, याची तारीखवार नोंद संगणक ‘व्हार’ या फोल्डरमधील ‘लॉग’, त्यातील ‘ॲप्ट’ येथे ‘हिस्टरी’ नावाच्या फायलीत आपणहून ठेवीत असतो. शिक्षकांची बदली झाली, नवे ग्रामपंचायत अधिकारी रुजू झाले, तरी ती वही यंत्रातच राहते. नव्याने आलेल्या व्यक्तीने ती प्रथम उघडून वाचावी. ऑडिटच्या आज्ञेला पडद्यावर काहीच उत्तर आले नाही, तर गोंधळून जाऊ नये. सर्व पॅकेजे जागच्या जागी असली की ती आज्ञा काहीही बोलत नाही.